नरक्याच्या सालीतून

सह्याद्रीच्या जंगलात नरक्या शोधायला निघालेल्या माणसाची पहिल्या भेटीत निराशाच होते. आंबोलीला जा, राधानगरीला जा, कोयनेच्या खोऱ्यात जा. मोठ्या झाडांच्या आडोशाला उभं असलेलं बेताच्या उंचीचं झाड दिसतं. साल करडी, सुरकुतलेली. पानं फांदीच्या टोकाकडे दाटीनं आलेली. बहावा किंवा पांगारा जसा वाटसरूला उभा करतो, तसं याच्याबाबतीत होत नाही. पावसाळ्यात बारीक पिवळट फुलं येतात, आणि त्यांचा वास असा की नाकाला पदर लावून पुढे जावंसं वाटतं. शास्त्रीय नाव नोथापोडाइट्स निम्मोनियाना. मुंबई परिसरातल्या वनस्पतींची जॉन ग्रॅहमनं केलेली यादी १८३९ साली छापली गेली, तिच्यात या झाडाची नोंद आहे. त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. त्यामुळेच ते सुखात होतं, असं आता वाटतं.

मी रसायनशास्त्राची. वनस्पतींतली संयुगं वेगळी करायची आणि ती कोण आहेत ते ओळखायचं, हे माझं काम, आणि त्यातली बरीच वर्षं या एका झाडाच्या सालीनं घेतली. औषधी वनस्पतींवर आपल्याकडे उदंड बोललं जातं. कुठला पाला कशावर, कुठलं मूळ कशात उगाळायचं, हे प्रत्येक घरात कुणीतरी सांगतंच. त्या पाल्यातलं नेमकं काय काम करतं, हे मात्र क्वचित विचारलं जातं. एका पानात शेकडो वेगवेगळी संयुगं असतात. त्यातलं एखादंच गुणकारी, एखादं विषारी, बाकीची झाडाच्या स्वतःच्या संसारातली. त्या गर्दीतून एकाला बाहेर काढून त्याची ओळख पटवणं किती अवघड, हे हाताला सिलिका, म्हणजे प्रयोगशाळेतली वाळूच्या जातीची बारीक पांढरी पूड, लागल्याशिवाय कळत नाही.

नरक्याच्या सालीत जे सापडलं ते आधी दुसऱ्याच झाडात, दुसऱ्याच देशात सापडलं होतं. ती हकिगत मला फार जवळची वाटते, कारण तिच्यातला एक माणूस नंदुरबारचा आहे.

मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राचं शिक्षण, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात १९६२ साली पीएचडी. त्याच वर्षी ते नॉर्थ कॅरोलिनामधल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडे रुजू झाले. वॉल त्याआधी अमेरिकेच्या कृषी खात्यात होते आणि तिथे त्यांचा शोध कर्करोगासाठी चाललेला नव्हताच. कॉर्टिसोन तयार करायला उपयोगी पडतील अशी स्टेरॉइड्स कुठल्या वनस्पतींत मिळतात, हे ते पाहत होते. त्यासाठी हजारो झाडांचे अर्क काढून ठेवलेले. त्यातले हजारेक अर्क पुढे राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासायला गेले आणि एकानं लक्ष वेधून घेतलं. कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा, मूळचं चीनमधलं झाड, कॅलिफोर्नियात चिको इथल्या सरकारी बागेत लावलेलं.

एखाद्या अर्कात गुण आहे असं दिसणं आणि तो गुण कुणाचा ते सापडणं, यांत वर्षं जातात. वॉल आणि वाणींना त्या झाडाचं सुमारे वीस किलो लाकूड आणि साल मिळाली. आधी हेप्टेननं तेलकट भाग काढून टाकला, मग अल्कोहोलमध्ये अर्क, मग क्लोरोफॉर्म आणि पाणी यांच्यात त्याची वाटणी, मग पुन्हा पुन्हा वाटणी. प्रत्येक टप्प्यावर अर्काचे भाग पडत, आणि प्रत्येक भाग रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर तपासला जाई. ज्या भागात गुण उतरला तो ठेवायचा, बाकीचे बाजूला. या पद्धतीत रसायनशास्त्रज्ञाला स्वतःचं मत चालवता येत नाही. कुठला भाग सुंदर दिसतो, कुठल्याचे स्फटिक लवकर येतात, याला किंमत नसते. गुण जिकडे जाईल तिकडे मुकाट्यानं जायचं.

ही शिस्त किती मोलाची होती, ते शेवटी हाती आलेल्या संयुगाच्या, म्हणजे कॅम्प्टोथेसिनच्या, स्वभावावरून कळतं. त्यात नायट्रोजन आहे, म्हणजे ते अल्कलॉइड. आम्हाला अल्कलॉइड वेगळं करायची पहिली रीत शिकवतात ती अशी: अर्क आम्लात हलवा, अल्कलॉइड क्षार होऊन पाण्यात उतरेल, मग अल्कली घालून ते परत मिळवा. कॅम्प्टोथेसिन आम्लाबरोबर टिकाऊ क्षार करतच नाही. केवळ पाठ्यपुस्तक धरून कुणी चाललं असतं, तर ते उरलेल्या चोथ्याबरोबर मोरीत गेलं असतं. उंदरांवरच्या चाचणीनं ते राखलं. १९६६ साली रचनेसह शोधनिबंध प्रसिद्ध झाला: कार्बनचे वीस अणू, हायड्रोजनचे सोळा, नायट्रोजनचे दोन, ऑक्सिजनचे चार, आणि एकमेकांना चिकटलेली पाच वलयं.

आमच्या प्रयोगशाळेत हेच काम नरक्याच्या सालीवर करताना बरंच सोपं झालेलं असतं. कुठे पोचायचं ते ठाऊक असतं. तरीही हातांना ते नव्यानं शिकावं लागतं. साल सावलीत वाळवायची. ज्या झाडाची साल घेतली त्याची पानाफुलांसकट फांदी दाबून, वाळवून वनस्पतिसंग्रहालयात जमा करायची आणि तिचा क्रमांक वहीत लिहायचा. या क्रमांकाविषयी मी कडक आहे. पुढची सगळी रचना, सगळे आकडे त्या एका फांदीवर उभे असतात. फांदी चुकीच्या झाडाची निघाली, तर शुद्ध स्फटिकही खोटं बोलतात.

मग भुकटी, मग सॉक्सलेट, म्हणजे गरम द्रावक पुन्हा पुन्हा भुकटीतून फिरवणारं काचेचं उपकरण. आधी हेक्झेन, त्यात मेण आणि चरबी निघून जाते. नंतर मिथेनॉल. तो गडद अर्क रोटाव्हेपरवर, म्हणजे कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या फिरत्या चंबूत, आटवला की तळाशी दाट, चिकट, तपकिरी गोळा उरतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा तिथेच पडतो. यातून काय निघणार? मग कॉलम भरायचा. काचेच्या उभ्या नळीत सिलिका, वरून तो अर्क, आणि त्यावरून थेंबाथेंबानं द्रावक. संयुगं त्या नळीतून उतरतात ती वारीतल्या दिंड्यांसारखी: निघतात सगळ्या एकत्र, पण एखादी गावोगाव मुक्काम करते, एखादी कुठेच न रेंगाळता पुढे निघते, आणि पंढरपूर जवळ येईतो त्यांच्यात चांगलं अंतर पडलेलं असतं. सिलिकाला ज्यांची ओढ जास्त ती मागे राहतात. क्लोरोफॉर्ममध्ये मिथेनॉलचं प्रमाण हळूहळू वाढवत न्यायचं आणि खाली एकेक फ्रॅक्शन, म्हणजे उतरलेला भाग, वेगळं धरायचं.

हे काम घाईच्या माणसाचं नाही. कॉलम मध्येच सोडून घरी जाता येत नाही, सिलिका कोरडी पडून तडकते. माझे गाइड रात्री उशिरा प्रयोगशाळेत येत, काही न बोलता नळीतली द्रावकाची पातळी पाहत आणि जात. त्यांचं ते पाहणं मला एखाद्या व्याख्यानापेक्षा जास्त शिकवून गेलं.

आणि मग टीएलसीची, म्हणजे सिलिकाचा पातळ थर दिलेली, प्लेट. प्रत्येक फ्रॅक्शनचा एक बारीक ठिपका, प्लेट द्रावकात उभी करायची, वाळवायची आणि अंधाऱ्या यूव्ही कॅबिनेटमध्ये धरायची. तीनशे पासष्ट नॅनोमीटरचा दिवा लावला की कॅम्प्टोथेसिन झळझळीत निळं चमकतं. त्याच्या अगदी शेजारी आणखी एक चमकणारा ठिपका असतो, त्याच्याच कुळातलं मिथॉक्सी कॅम्प्टोथेसिन. दोघांत फरक एका मिथॉक्सी गटाचा, पण त्यांना एकमेकांपासून सोडवताना जीव मेटाकुटीला येतो. तो निळा रंग मी कित्येकदा पाहिला आहे, आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो. झाडानं कुणाच्याही नकळत, मातीतून आणि उजेडातून घडवलेली वस्तू अशी समोर येते, याची सवय होऊ नये असंच मला वाटतं.

सगळ्यांच्या वाट्याला निळा स्पॉट येत नाही, हेही सांगायला हवं. औषधी वनस्पतीवर काम करणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला पहिल्या कॉलममधून बहुधा पांढऱ्याशुभ्र सुया मिळतात. तो हरखून जातो. स्टेरॉल ओळखायची लीबरमान-बुरखार्ड चाचणी केली की द्रावण हिरवं होतं आणि कळतं, हे बीटा-सिटोस्टेरॉल. जवळपास प्रत्येक हिरव्या झाडात असणारं. मी अशा विद्यार्थ्याला निराश होऊ देत नाही. शुद्ध सिटोस्टेरॉल काढता आलं म्हणजे हात तयार झाला. जे आधीच माहीत आहे ते लवकर ओळखून बाजूला ठेवणं हा या कामाचा मोठा भाग आहे, आणि तो कमी दर्जाचा मुळीच नाही.

स्फटिक मिळाले की खरी ओळखपरेड सुरू होते. कॅम्प्टोथेसिन इथेही सहजासहजी हाती लागत नाही. फिकट पिवळी भुकटी, पाण्यात विरघळत नाही, बहुतेक द्रावकांत विरघळत नाही, डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये मात्र राजी होते. मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूचं वजन दाखवणाऱ्या आलेखात, ३४९ चा आकडा, म्हणजे रेणूचं वजन आणि वर एक प्रोटॉन. एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या रेणूच्या आलेखात, प्रत्येक हायड्रोजन आपला शेजार सांगतो. ०.८८ वर तीन शिखरांचा संकेत, म्हणजे मिथिल गट आणि त्याच्या शेजारी दोन हायड्रोजनवाला कार्बन: इथिलची साखळी. ८.६८ च्या आसपास एकटा, तीक्ष्ण संकेत, क्विनोलीन वलयावरच्या शेजारी नसलेल्या हायड्रोजनचा. ५.३ आणि ५.४ जवळ दोन-दोन हायड्रोजनच्या दोन जोड्या. साडेसहाजवळचा तो हायड्रॉक्सिलचा. एकेक संकेत जागेवर बसवत जायचं. शेवटी कागदावरच्या रेणूत एकही कोपरा अनोळखी उरत नाही.

आज ही छपाई हातात यायला काही मिनिटं लागतात. १९६६ साली एनएमआर इतकं सांगत नव्हता. वॉल, वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूला आयोडीन असलेला एक गट जोडला, कारण जड अणू असला की क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना सोडवणं शक्य होतं, आणि मग अणूंच्या जागा एकेक करून निश्चित केल्या. याच वॉल आणि वाणींनी पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचं दुसरं औषध वेगळं केलं आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. टॅक्सॉलचे स्फटिक तर क्ष-किरणांना दाद देईनात. त्यांना रेणू हळुवार दोन भागांत तोडावा लागला, भागांची रचना वेगवेगळी सोडवावी लागली आणि मग पूर्ण रेणू जुळवावा लागला. एका माणसाच्या हातून अशी दोन कामं व्हावीत! नंदुरबारच्या किती शाळांत वाणींचं नाव सांगितलं जातं?

रचना कळणं हा कागदी आनंद आहे असं कुणाला वाटेल, म्हणून पुढचं सांगते. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, मग ते शिरेतून द्यायचं कसं? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांवर चाचण्या झाल्या त्या त्याच्या सोडियम क्षाराच्या. अल्कलीत पाचवं वलय, लॅक्टोनचं, उघडतं आणि रेणू पाण्यात उतरतो. पण सगळा गुण त्या मिटलेल्या वलयातच होता. उघडलेला रेणू जवळपास निकामी, आणि मूत्राशयातल्या आम्लामुळे वलय पुन्हा मिटलं की तिथेच दाह आणि रक्तस्राव. माणसांना फार त्रास झाला आणि चाचण्या थांबल्या. एवढ्याशा वलयाची ही किंमत. ते कशासाठी आहे हे समजायला १९८५ साल उजाडलं. पेशीतला डीएनए उलगडताना त्याला पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-१ नावाचं विकर त्याचा एक धागा कापतं, पीळ सोडतं आणि धागा पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापलेल्या क्षणी तिथे अडकून बसतं आणि धागा सांधू देत नाही. भराभर वाढणारी पेशी त्यातच मरते. हे कळल्यावर वलय राखून पाण्यात विरघळणारी त्याची भावंडं तयार झाली. इरिनोटेकन जपानमध्ये १९९४ साली, आणि १९९६ साली टोपोटेकन आणि इरिनोटेकन दोन्ही अमेरिकेत मान्य झाली.

माझ्या आत्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला तेव्हा तिच्या उपचारात इरिनोटेकन होतं. सलाइनच्या पिशवीवरचं नाव वाचून मी तिच्या खाटेशी बसून राहिले. तिनं विचारलं, "कसलं गं हे औषध?"

"झाडाच्या सालीतलं आहे, आत्या. आपल्या आंबोलीकडे होतं ते झाड."

"कडू असेल," ती म्हणाली.

या औषधानं जुलाब फार होतात. त्याचं कारण मला रेणूपर्यंत माहीत होतं: यकृत त्या रेणूला एक साखरेसारखा गट जोडून निकामी करतं, आणि आतड्यातले जिवाणू तो गट तोडून त्याला पुन्हा जिवंत करतात. आत्याची पाठ चोळताना त्या माहितीचा तिला काहीच उपयोग नव्हता. तरी त्या औषधानं तिला वेळ दिला. धाकट्या नातीचं लग्न तिनं खुर्चीत बसून पाहिलं. झाडाच्या सालीपासून त्या खुर्चीपर्यंत किती अनोळखी माणसांचे हात लागले होते!

आता नरक्याकडे येते. १९७२ साली टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी नरक्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचं प्रसिद्ध केलं. त्या वेळी हे झाड मॅपिया फिटिडा या नावानं ओळखलं जाई. गोविंदाचारी मुंबईत गोरेगावला सिबा या औषध कंपनीच्या संशोधन केंद्राचे संचालक होते, आणि भारतीय वनस्पतींच्या रसायनशास्त्रात त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं. चिनी झाडाशी नरक्याचं कुळ जुळत नाही, तरी दोघांनी तोच रेणू घडवला. शिवाय नरक्यात तो चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. सुंदर काम होतं ते. आणि त्या कामानंतर झाडाचं आयुष्य बदललं.

औषधाला मागणी आली तशी सालीला आणि मुळांना किंमत आली. हा रेणू कारखान्यात साध्या रसायनांपासून घडवता येतो, पण झाडातून काढणं स्वस्त पडतं. त्यामुळे कच्चा माल आजही जंगलातून येतो. कोल्हापूर आणि सिंधुदुर्गाकडच्या वर्तमानपत्रांत नरक्याची तस्करी पकडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. पोत्यांत भरलेले वाळके तुकडे, जप्त केलेली गाडी, आणि गाडीबरोबर पकडलेली, दिवसाच्या मजुरीवर कुऱ्हाड चालवणारी माणसं. रेणूचं खरं मोल ज्यांना ठाऊक आहे ते त्या छायाचित्रात कधी नसतात. तोडलेल्या बुंध्याला नरक्या फुटवे देतो. पण मुळात माल जास्त म्हणून मूळ खणलं की तिथे काही उरत नाही.

मला याचा त्रास होतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. आम्ही रसायनशास्त्रज्ञ शोधनिबंधात लिहितो, 'मुळांत प्रमाण सर्वाधिक', आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. ते वाक्य जंगलात पोचतं तेव्हा त्याची कुदळ झालेली असते. संयुग ओळखलं की आपलं काम संपलं असं मानण्याची सवय आम्हाला शिक्षणातच लागते. जैवविविधता कायदा २००२ साली आला, परवानग्या आल्या, त्यांचा उपयोगही आहे. पण कुठल्या भागावर संशोधन करायचं हे ठरवण्याचा पहिला अधिकार प्रयोगशाळेतल्या माणसाचाच असतो, आणि तिथून सुरुवात करता येते.

झाडाची बाजू रसायनशास्त्रातूनही मांडता येते, हे मला अलीकडे फार महत्त्वाचं वाटू लागलं आहे. पेशी मारणारं हे विष बाळगून झाड स्वतः कसं जगतं? कॅम्प्टोथेका झाडाच्या स्वतःच्या टोपोआयसोमरेजमध्ये एका जागचं अमिनो आम्ल बदललेलं आहे, त्यामुळे विष तिथे बसत नाही. हाच बदल औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या कर्करोगपेशींतही सापडला. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००५ साली नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी केली, जी स्वतः कॅम्प्टोथेसिन तयार करते. बुरशी टाकीत वाढवायची आणि झाडाला हातच लावायचा नाही, अशी आशा त्यातून उभी राहिली. अशा बुरश्या झाडाबाहेर पिढ्यान् पिढ्या वाढवल्या की त्यांचं उत्पादन घटत जातं, हा त्यातला अडसर. तो सुटावा असं मला मनापासून वाटतं, आणि आमच्याकडच्या तरुण मुलामुलींनी याच कामात पडावं असंही.

सध्या माझ्याकडे जे प्रबंधाचे प्रस्ताव येतात, त्यांत नरक्याचं नाव असलं तर मी आधी नमुन्याचा रकाना वाचते. मूळ किंवा खोडाची साल लिहिलेली असेल, तर प्रस्ताव परत जातो. पानं, कोवळ्या डहाळ्या, गळलेली फळं चालतील. रोपवाटिकेतली रोपं असतील तर उत्तम. प्रमाण कमी मिळतं, कॉलम जास्त लावावे लागतात, विद्यार्थी कुरकुरतात. मी त्यांना मोठा कॉलम काढून देते आणि सिलिकाची नवी बरणी उघडते.